मेनूथचे धर्मगुरू आणि स्वस्त आगगाडीचे गणित

डब्लिनच्या कॉनोली स्थानकातून सुटलेली मेनूथची गाडी शहराची दाटी मागे टाकते, तेव्हा रॉयल कालव्याचे संथ पाणी तिच्या सोबतीला येते आणि मुक्कामापर्यंत फारसे दूर जात नाही. लीक्सलिपच्या इंटेल कारखान्यात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना हा मार्ग रोजच्या परिचयाचा आहे. इतरांना तो सुटीच्या दिवशी सहज जमण्यासारखा आहे. अंतर जेमतेम २५ किलोमीटर. लीप कार्ड वापरले तर तिकीट रोखीपेक्षा स्वस्त पडते. स्थानकापासून मुख्य रस्ता ओलांडून गेले की फिट्झजेराल्ड सरदारांच्या बाराव्या-तेराव्या शतकांतील गढीचे भग्न बुरूज दिसतात आणि त्यांना खेटूनच सेंट पॅट्रिक महाविद्यालयाचे प्रवेशद्वार उभे आहे. एका दिवसात, थोडक्या खर्चात, पायी पाहता येईल असे हे ऐतिहासिक गाव आहे.

या मार्गावरची गाडी आजही डिझेलवर धावते. त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष इतकेच, की ही गाडी ज्या गावी थांबते, त्याच गावातील एका धर्मगुरूने १८३० च्या दशकात आगगाडी वाफेऐवजी विजेवर चालवण्याचा हिशेब कागदावर मांडला होता, आणि तोही प्रवास स्वस्त व्हावा म्हणून. तेव्हा मेनूथला रेल्वे पोहोचायला दहा वर्षे अवकाश होता. मुंबईतील बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याहूनही पुढची गोष्ट. त्या धर्मगुरूचे नाव निकोलस कॅलन.

कॅलन यांचा जन्म २२ डिसेंबर १७९९ रोजी लाउथ परगण्यातील डार्व्हर येथे झाला. ड्रॉहेडा आणि डन्डॉक या दोन गावांच्या मधला हा सुपीक प्रदेश. घर सधन शेतकऱ्याचे होते. मुलाचे प्राथमिक शिक्षण डन्डॉकच्या एका शाळेत झाले आणि ती शाळा विल्यम नीलसन या प्रेसबिटेरियन पंथाच्या धर्मोपदेशकाची होती. कॅथलिक घरातील मुलगा दुसऱ्या पंथाच्या गुरूकडे शिकायला जातो, ही गोष्ट त्या काळच्या आयर्लंडविषयी आपण जे ऐकून असतो त्यात सहज बसत नाही, म्हणून ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे नॅव्हनच्या पाठशाळेत काही काळ काढून १८१६ मध्ये ते मेनूथला आले. रोममधील काही वर्षे सोडली, तर मृत्यूपर्यंत ते मेनूथचेच राहिले.

मेनूथचे महाविद्यालय हीच मुळात एक विलक्षण तडजोड होती. दंडक कायद्यांमुळे आयरिश कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण शतकभर फ्रान्स, स्पेन आदी देशांत होत असे. फ्रेंच राज्यक्रांतीने ती विद्यालये बंद पडली, आणि क्रांतीची हवा लागलेले तरुण परत येण्यापेक्षा त्यांना घरीच शिकवलेले बरे, असा विचार राज्यकर्त्यांनी केला. १७९५ मध्ये सरकारी अनुदानातून हे महाविद्यालय उभे राहिले. हेतू धर्मगुरू घडवण्याचा होता. तरीही अभ्यासक्रमात निसर्गविज्ञानाला जागा होती, आणि ती जागा कॉर्नेलियस डेनव्हिर या प्राध्यापकांनी जिवंत केली. नुसते ग्रंथ न वाचता प्रयोग करून दाखवण्याची पद्धत त्यांनी वर्गात आणली. तिसऱ्या वर्षी कॅलन त्यांच्या हाताखाली आले आणि वीज व चुंबक या दोन विषयांनी त्यांना कायमचे धरून ठेवले. डेनव्हिर पुढे बिशप झाले. शिष्याने मात्र कोणतेही मोठे धर्मपद मिळवले नाही.

१८२३ मध्ये कॅलन यांना धर्मदीक्षा मिळाली. त्यानंतर ते रोमला गेले आणि सॅपियन्झा विद्यापीठातून १८२६ मध्ये धर्मशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परतले. परतताना त्यांच्या डोक्यात धर्मशास्त्राइतकेच गॅल्व्हानी आणि व्होल्टा हेही होते. इटलीच्या भूमीवर जन्मलेले हे विजेचे नवे शास्त्र तेव्हा अवघे पाव शतक जुने होते. त्याच वर्षी मेनूथमध्ये निसर्गविज्ञानाचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. पुढची ३८ वर्षे ते त्याच पदावर होते.

धर्मशास्त्राला वाहिलेल्या संस्थेत तारा, आम्ले आणि धातूंचे पत्रे घेऊन बसणारा प्राध्यापक हा काहींच्या कौतुकाचा, तर काहींच्या शंकेचा विषय असणार, हे सांगायला नको. कॅलन यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. सेंट अल्फोन्सस लिग्वोरी यांच्या धर्मग्रंथांची त्यांनी इंग्रजीत अनेक भाषांतरे केली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेला दिला. पैशाची चणचण होतीच. पण त्या चणचणीतूनच त्यांच्या संशोधनाची एक खूण तयार झाली. जे महाग आहे ते स्वस्तात कसे करता येईल, हा प्रश्न त्यांच्या जवळजवळ प्रत्येक कामाच्या मुळाशी दिसतो.

त्यांची पहिली मोठी कामगिरी गावातल्या लोहाराच्या भट्टीतून बाहेर आली. जेम्स ब्रायडी या लोहाराने त्यांना लोखंडाची जाड कांब घोड्याच्या नालाच्या आकारात वाकवून दिली. कॅलन यांनी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली आणि बॅटरी जोडून प्रचंड ताकदीचे विद्युतचुंबक बनवले. त्याला चिकटलेली लोखंडी पट्टी ओढून काढायला धट्टेकट्टे विद्यार्थी रस्सीखेच करत आणि मास्तर मध्येच प्रवाह बंद करून साऱ्यांना एकमेकांच्या अंगावर पाडत, अशी आठवण मेनूथमध्ये सांगितली जाते.

१८३१ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवले होते, की एका वेटोळ्यातील प्रवाह बदलला की शेजारच्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते. कॅलन यांनी १८३६ मध्ये तेच तत्त्व वेगळ्या मापाने वापरले. लोखंडी गाभ्यावर आधी जाड तारेचे थोडे वेढे घेतले आणि त्यावर बारीक तारेचे असंख्य वेढे. जाड तारेतला बॅटरीचा प्रवाह एकाएकी तोडला, की बारीक तारेच्या टोकांशी मूळ बॅटरीच्या कितीतरी पट दाब निर्माण होई. प्रवाह जितक्या वेगाने तुटेल तितका झटका जबर, हेही त्यांनी ओळखले आणि घड्याळाच्या यंत्रणेसारखी एक रचना करून प्रवाह सेकंदाला अनेकदा तोडण्याची सोय केली. हीच इंडक्शन कॉइल. पेट्रोलच्या मोटारीत बारा व्होल्टच्या बॅटरीतून ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल तिच्याच कुळातली. कॅलन यांच्या सर्वांत मोठ्या यंत्रातून पुढे १५ इंच लांबीची ठिणगी उडत असे.

त्या काळी दाब मोजायचे साधन नव्हते. मग कॅलन यांनी माणसांनाच साधन केले. विद्यार्थी हात धरून रांगेत उभे राहत आणि झटक्याने ती रांग किती हादरते यावरून यंत्राची ताकद ठरे. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत अशा एका झटक्याने बेशुद्ध पडले आणि पुढे महाविद्यालयाचे अध्यक्ष झालेले चार्ल्स रसेल यांना रुग्णालय गाठावे लागले, असे सांगतात. त्यानंतर विद्यार्थ्यांवरचे प्रयोग बंद करण्याची वेळ आली आणि पाळी कोंबड्या-टर्कींवर आली. हे किस्से आज हसत हसत सांगितले जातात. पण कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकाला नकार द्यायचा तरी कसा, हा प्रश्न त्या हसण्यात बुडून जातो. कॅलन स्वतःही झटके खात असत, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

आता आगगाडीचा हिशेब. आयर्लंडची पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्सटाउन, म्हणजे आजचे डन लिअरी, या सुमारे दहा किलोमीटरच्या मार्गावर १७ डिसेंबर १८३४ रोजी सुरू झाली. समुद्राच्या कडेने जाणारी ती गाडी पाहता पाहता लोकप्रिय झाली. परंतु वाफेचे इंजिन महाग होते, जड होते, आणि आयर्लंडमध्ये रेल्वेसाठी लागणारा दगडी कोळसा बव्हंशी समुद्रापलीकडून आणावा लागे. कॅलन यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा विद्युतचुंबकांच्या जोरावर फिरणारी छोटी यंत्रे तयार झाली होती. त्यांवरून त्यांनी अनुमान बांधले, की किंग्सटाउन मार्गावरच्या कोणत्याही वाफेच्या इंजिनाच्या तोडीचे विजेचे इंजिन सुमारे २५० पौंडांत तयार होईल, त्याचे वजन दोन टनांपेक्षा जास्त भरणार नाही, आणि ते चालवण्याचा खर्च वाफेच्या जेमतेम एक चतुर्थांश येईल.

हा आकडा त्यांनी खाजगी वहीत दडवून ठेवला नाही. लंडनमध्ये विल्यम स्टर्जन विजेला वाहिलेले एक नियतकालिक चालवत असत, त्यात कॅलन यांचे लेखन छापून येई. १८३७ मध्ये इंडक्शन कॉइलचा एक नमुनाही त्यांनी स्टर्जन यांच्याकडे पाठवला आणि तो लंडनच्या जाणकारांपुढे मांडला गेला. स्वस्त प्रवासाचे स्वप्न पाहणारे कॅलन एकटे नव्हते. सेंट पीटर्सबर्गमध्ये मॉरिट्झ याकोबी यांनी त्याच सुमारास नेव्हा नदीवर बॅटरीची बोट चालवली. ॲबरडीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांचे विजेचे इंजिन १८४२ मध्ये एडिंबरो-ग्लासगो मार्गावर ताशी चार मैलांच्या गतीने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, धावले. किंग्सटाउनच्याच पुढे डॉकीपर्यंत १८४० च्या दशकात हवेच्या दाबाने ओढली जाणारी गाडी दहाएक वर्षे चालली. वाफेला पर्याय शोधण्याचे वारे तेव्हा सगळीकडेच वाहत होते.

हे सारे ज्या खडकावर आपटले, त्याचे नाव जस्त. वाफेच्या इंजिनात कोळसा जळतो, तसे बॅटरीत जस्त झिजते. वीज फुकट येत नाही, जस्ताच्या मोलाने येते. मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूल या तरुणाने, तोही आधी विजेच्या मोटारीने भारावलेला, १८४० च्या दशकाच्या आरंभी मोजमाप करून दाखवले, की शेरभर कोळसा जेवढे काम करतो तेवढे शेरभर जस्त करत नाही, आणि जस्त तर कोळशाच्या कितीतरी पट महाग. कॅलन यांच्या २५० पौंडांच्या अंदाजात इंजिनाची किंमत कदाचित बरोबर असेलही. चूक होती ती छोट्या यंत्राचा गुण मोठ्या यंत्रात तितक्याच पटीने वाढेल आणि त्याला पुरेल एवढी स्वस्त वीज बॅटरी देईल, या गृहीतात. किंग्सटाउनच्या रुळांवर त्यांचे इंजिन कधीच उतरले नाही. बॅटरीचे बळ या कामाला अपुरे आहे हे पुढे त्यांना स्वतःला उमगले आणि त्यांनी तो विषय बाजूला ठेवला.

परंतु त्यांनी बॅटरी सोडली नाही. इंजिन अडले ते विजेच्या किमतीवर, तर मग वीजच स्वस्त करायला हवी, असा त्यांचा पुढचा सारा प्रवास दिसतो. त्या काळच्या उत्तम बॅटऱ्यांपैकी ग्रोव्ह यांच्या बॅटरीत प्लॅटिनम लागे. बुन्सेन यांनी त्याऐवजी कार्बन वापरला. कॅलन यांनी बीड वापरून पाहिले, तेच बीड ज्याचे तवे आणि गटारांची झाकणे होतात. तीव्र नत्राम्लात बीड झपाट्याने विरघळत नाही आणि प्लॅटिनमचे काम चोख करते, हे त्यांना आढळले. राजाच्या दागिन्याचा धातू काढून लोहाराच्या अंगणातला धातू बसवला आणि बॅटरी चालू राहिली! लंडनच्या ई. एम. क्लार्क यांनी ती मेनूथ बॅटरी या नावाने विक्रीला आणली. एका लहानशा आयरिश गावाचे नाव काही काळ युरोपातील प्रयोगशाळांच्या फडताळांत जाऊन बसले.

मेनूथमध्ये स्वतःसाठी त्यांनी ५७७ घटांची महाबॅटरी रचली. ती भरायला नत्राम्ल आणि गंधकाम्ल मिळून सुमारे ३० गॅलन आम्ल लागे. तिच्या प्रवाहावर चालणारे विद्युतचुंबक दोन टन वजन उचलत असे. प्रेक्षकांसमोर एक भली मोठी टर्की तिच्या झटक्याने गतप्राण करून दाखवण्यात आली. आम्लांच्या त्या धुराने खोलीत उभे राहणाऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या सगळ्या खटाटोपाच्या मध्यावर आयर्लंडवर महादुष्काळ कोसळला. १८४५ मध्ये बटाट्याचे पीक रोगाने काळे पडले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींनी दगावली, तितकीच देश सोडून गेली. रॉबर्ट पील यांच्या सरकारने त्याच १८४५ साली मेनूथ महाविद्यालयाचे अनुदान भरघोस वाढवले आणि त्यावरून ब्रिटनमध्ये एवढे वादळ उठले, की ग्लॅडस्टन यांनी मंत्रिपद सोडले. लंडनमध्ये हा वाद रंगला असताना मेनूथच्या वेशीवर उपाशी माणसे उभी होती. कॅलन यांनी आपल्या पगाराचा मोठा वाटा त्यांच्यासाठी खर्च केला. डब्लिनहून निघालेली मिडलँड ग्रेट वेस्टर्न कंपनीची रेल्वे मेनूथवरून एनफील्डपर्यंत सुरू झाली तीही याच काळात, जून १८४७ मध्ये. कालव्याकाठचे हे रूळ कॅलन यांनी आपल्या खिडकीपलीकडे पडताना पाहिले. त्यांवर धावले ते वाफेचे इंजिन.

१८५३ मध्ये त्यांनी एक पेटंट घेतले. लोखंडावर शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणाचा थर देऊन त्याला गंजापासून वाचवण्याची ही रीत. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्यांच्या देशात वाढलेल्या वाचकाला ती ओळखीची वाटेल, फक्त शिशामुळे ही कल्हई स्वयंपाकघराच्या कामाची नाही. बॅटरीचे लोखंड आम्लापासून टिकवण्याच्या धडपडीचाच तो विस्तार होता. योगायोग असा, की त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली, तीही वाफेची.

१० जानेवारी १८६४ रोजी कॅलन यांचे मेनूथमध्येच निधन झाले. महाविद्यालयाच्या आवारातील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्याच १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने ठेवलेले ५०,००० फ्रँकांचे व्होल्टा पारितोषिक पॅरिसच्या हाइनरिख रुमकॉर्फ यांना इंडक्शन कॉइलबद्दल देण्यात आले. रुमकॉर्फ हे अव्वल दर्जाचे यंत्रकार होते, त्यांच्या कॉइली सुबक, भक्कम आणि जगभर विकल्या जाणाऱ्या होत्या. त्यांनी काही चोरले असे म्हणता येत नाही. पण पाठ्यपुस्तकांनी कॉइलला त्यांचेच नाव दिले आणि कॅलन मागे पडले. अमेरिकेत चार्ल्स ग्रॅफ्टन पेज यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे ही वाट चोखाळली होती, म्हणून हा मान निर्भेळपणे एकाच्याच पदरात टाकणे अवघड आहे. गंमत म्हणजे पेज यांनाही विजेच्या आगगाडीने झपाटले. अमेरिकी संसदेचे २०,००० डॉलर खर्चून त्यांनी १८५१ मध्ये वॉशिंग्टनहून ब्लेडन्सबर्गपर्यंत इंजिन चालवून दाखवले. ते ताशी १९ मैलांपर्यंत पोहोचले, पण वाटेत बॅटरीचे घट तडकले आणि प्रकरण तिथेच आटोपले.

विस्मरणाला आणखी एक कारण होते. कॅलन धर्मशाळेत शिकवत. त्यांचे विद्यार्थी धर्मगुरू होऊन परगण्यापरगण्यांत पांगले. गुरूचे काम पुढे नेणारा, त्याच्या नावाने भांडणारा शिष्य त्यांना लाभला नाही. विसाव्या शतकात मेनूथचेच एक प्राध्यापक, पी. जे. मॅक्लॉक्लिन, यांनी जुनी यंत्रे आणि जुने अंक धुंडाळून कॅलन यांचा वाटा पुराव्यानिशी मांडला, तेव्हा कुठे विज्ञानाच्या इतिहासकारांनी नोंद घेतली. आज मेनूथ विद्यापीठातील विज्ञानाच्या एका इमारतीला त्यांचे नाव आहे, आणि महाविद्यालयाच्या विज्ञान संग्रहालयात ब्रायडी लोहाराने वाकवलेल्या लोखंडावरच्या तारा पाहायला मिळतात. संग्रहालय नेहमी उघडे नसते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करून जावे. गढीत मात्र हंगामात विनामूल्य फिरता येते.

कॅलन यांचे गणित पुढे सुटले, ते जनित्रामुळे. कोळसा किंवा पाणी एका ठिकाणी वापरून वीज करायची आणि ती तारेने गाडीपर्यंत न्यायची, असे ठरल्यावर जस्ताचा प्रश्नच उरला नाही. १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सीमेन्स यांची छोटी गाडी अशीच धावली. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्टरशची ट्राम १८८३ मध्ये धबधब्याच्या विजेवर चालू लागली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची पहिली लोकल सुटली, आणि स्वस्त प्रवास म्हणजे काय हे मुंबईकराला कोणी निराळे सांगण्याची गरज उरली नाही. डब्लिनला मात्र ओव्हरहेड तारेची डार्ट गाडी मिळायला २३ जुलै १९८४ उजाडले. त्याआधी, १९३२ पासून १९४९ पर्यंत, जेम्स ड्रम या आयरिश रसायनतज्ज्ञाच्या बॅटरीवर डब्लिन ते ब्रे अशी गाडी खरोखर धावत होती. त्या बॅटरीत निकेलच्या जोडीला पुन्हा जस्तच होते, फक्त ते आता परत भारित करता येत होते.

मेनूथच्या मार्गाचे विद्युतीकरण करणाऱ्या डार्ट प्लस वेस्ट योजनेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गावाच्या पश्चिमेला आखलेला गाड्यांचा डेपो त्या मंजुरीतून वगळला गेला. दरम्यान आयरिश रेल्वेने फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीकडे नव्या गाड्यांची मागणी नोंदवली. त्यातील पहिल्या ९५ डब्यांपैकी ६५ डबे बॅटरीवर धावू शकणारे आहेत, आणि जिथे तारा पोहोचलेल्या नाहीत अशा ज्या मार्गासाठी ते आधी योजले आहेत तो मार्ग ड्रॉहेडाचा आहे. तिथून डार्व्हर फार दूर नाही.